एका नकलेची तारीख

शुक्रवार, २४ जानेवारी : औरंगाबाद लेणी

पुण्यात जपानीचा दुभाषा असलेला माझा एक जुना विद्यार्थी. डिसेंबरात त्याचा फोन आला. "सर, जपानहून एक बाई येतायत. जुन्या भित्तिचित्रांच्या नकला करणं हेच त्यांचं जन्मभराचं काम. अजिंठ्याला सोबत चित्र कळणारं माणूस पाहिजे. तुम्ही याच."

चित्रकला शिक्षक म्हणून तेहतीस वर्षं नोकरी करून मी निवृत्त झालोय, वेळ होता. पण फोन ठेवल्यावर एकच शब्द डोक्यात घोळत राहिला. नकला. १९८८ साली ए.टी.डी., म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका, करत असताना मी अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पाच दिवस बसून पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र केलं होतं. परीक्षेच्या वेळी ते मोठ्या अभिमानानं मांडलं. "नक्कल आहे," एवढंच म्हणून परीक्षकांनी कागद बाजूला सारला. त्या दिवसापासून ती गुंडाळी माळ्यावर आहे.

सकाळच्या गाडीनं ताई संभाजीनगरला उतरल्या. वय त्रेसष्ट, अंगानं बारीक, पाठीवर मोठी पिशवी. मला त्यांनी वाकून नमस्कार केला आणि 'सेन्सेई' म्हणाल्या. म्हणजे गुरुजी. मी त्यांना ताई म्हणू लागलो. विद्यार्थ्यानं अर्थ सांगितला तशा त्या हसल्या आणि पाचही दिवस त्या हाकेला 'हाय', म्हणजे 'हो', अशी ओ देत राहिल्या.

दुपारी बीबी-का-मकबऱ्याच्या मागच्या डोंगरावरची लेणी पाहायला गेलो. अजिंठा-वेरूळच्या नावापुढं ही लेणी लोकांना आठवत नाहीत, याचं मला कायम वाईट वाटतं. सातव्या लेण्याच्या दाराशेजारी अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं कोरली आहेत. कुणी आगीत, कुणी बुडत्या नावेत, कुणी बेडीत. कुणावर चोर तलवार घेऊन धावलाय. कुणासमोर सिंह, कुणासमोर साप, तर कुणासमोर पिसाळलेला हत्ती. आणि प्रत्येक जण हात जोडून त्याला हाक मारतोय.

ताई समोर उभ्या राहिल्या. पुटपुटत काहीतरी म्हणू लागल्या. विद्यार्थी भाषांतर करायला पुढं झाला, पण मी त्याला थांबवलं. गरजच नव्हती. एकेक कडवं म्हणत त्यांचं बोट एकेका संकटावर जात होतं. आग. नाव. बेडी. नंतर कळलं की हा सद्धर्मपुंडरीक सूत्राचा पंचविसावा अध्याय. अवलोकितेश्वराला जपानमध्ये कान्नोन म्हणतात आणि तिथं त्याच्या नावानं हे आजही घराघरांत म्हटलं जातं. आजीच्या मांडीवर बसून त्या ते पाठ म्हणायला शिकल्या होत्या. त्या स्तोत्रातली माणसं अशी दगडात, ओळीनं उभी असतील असं त्यांना ठाऊक नव्हतं.

लेण्यावरचा राखणदार लांबून बघत होता. म्हणाला, "काय म्हणू लागल्या बाई?"

"स्तोत्र आहे. संकटातून सोडव म्हणून."

"म्हणजे रामरक्षेवानी?"

"तसंच."

त्यानं टोपी काढून हातात धरली आणि त्यांचं म्हणून होईपर्यंत तसाच उभा राहिला.

शनिवार, २५ जानेवारी : अजिंठा

सातलाच निघालो. फुलंब्री, सिल्लोड करत शंभरेक किलोमीटर. सिल्लोडला ताईंनी गाडी थांबवायला लावून डाळिंबं घेतली, चांगली दोन डझन. एवढी कशाला, हे विचारायचं राहून गेलं. घाट उतरून फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावली. हा टी-पॉइंट, तिथलं अभ्यागत केंद्र, संभाजीनगर विमानतळाची नवी इमारत, या सगळ्याला जपानच्या कर्जाचा हात लागलाय. अजिंठा-वेरूळ संवर्धन प्रकल्प म्हणून १९९०च्या दशकात ते काम सुरू झालं. आपल्याकडं ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. अभ्यागत केंद्रात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृतीही उभारल्या आहेत. म्हणजे इथंही नक्कलच.

पहिल्या लेण्यात एका वेळी ठरावीकच माणसं सोडतात. चपला बाहेर, फ्लॅश बंद. डोळे अंधाराला सरावले की मागच्या भिंतीवर, गाभाऱ्याच्या डावीकडं, पद्मपाणी हळूहळू वर येतो. हातात निळं कमळ, मान किंचित कललेली, खाली वळलेली नजर. छत्तीस वर्षांत मी मुलांना घेऊन कितीदा इथं आलोय. दर वेळी पहिल्या क्षणी काही बोलता येत नाही. ताईंनाही आलं नाही.

बाहेर पायरीवर बसल्यावर त्या बोलल्या. नारा शहराजवळ होर्यूजी नावाचं मंदिर आहे, जगातल्या आज उभ्या असलेल्या लाकडी इमारतींत सगळ्यांत जुनं. त्याच्या मुख्य मंदिराच्या, म्हणजे कोन्दोच्या, आतल्या भिंतींवर बारा मोठी चित्रं होती, सातव्या शतकाच्या अखेरीची. त्यातला एक बोधिसत्त्व जपानी शाळांच्या पुस्तकांत असतो. पिशवीतून त्यांनी त्याची छापील प्रत काढली. तीच कललेली मान, तोच खांद्यापासून कमरेपर्यंतचा बाक, तीच बोटं.

मी विचारलं, "मग तो याच्यावरूनच काढला?"

त्यांनी मान हलवली. होर्यूजीच्या चित्रकारानं अजिंठा पाहिला असेल असं मानायला काही आधार नाही. इथली चित्रं वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकातली. तिथली दोनशे वर्षांनंतरची. मधे सगळा मध्य आशिया, चीन, कोरिया. ही घडण मठामठांतून, हातोहात पुढं गेली आणि प्रत्येक मुक्कामी थोडी बदलली. विद्यार्थ्यानं ते आपल्या भाषेत फार नेमकं सांगितलं : "सर, सख्खे भाऊ नाहीत, चुलत आहेत. पण चेहरा एका घरचा."

मला हे आवडलं. 'सगळं आपल्याकडूनच गेलं' असं छाती फुगवून म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात वाटेतल्या लोकांचे कष्ट पुसले जातात.

मग आम्ही दोघं आमच्या विषयावर आलो. भिंत कशी तयार केली, यावर तासभर. अजिंठ्याचं चित्र ओल्या चुन्यावर नाही. दगडावर मातीचा गिलावा. त्यात भाताचं तूस, गवताचे धागे, शेण. वर पांढरा पातळ लेप, आणि तो सुकल्यावर सरसात कालवलेले रंग. माझी आई गावाकडं भिंत लिंपायची तेव्हा मातीत भुसा आणि शेण कालवून ती तीन दिवस मुरू द्यायची. ते ऐकताना ताईंनी वही काढली. किती दिवस? पायानं तुडवायची की हातानं? मी आठवून आठवून सांगत गेलो. होर्यूजीच्या भिंतीसुद्धा मातीच्याच. रंग इथं बहुतेक स्थानिक : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा. निळा तेवढा लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून आलेला. होर्यूजीचा निळा तांब्याच्या खनिजाचा. आणि चेहऱ्याला गोलाई आणायची पद्धत दोन्हीकडं एकच, कडेनं रंग गडद करत न्यायचा. जपानीत तिला कुमादोरी म्हणतात. शाळेत शिकवताना मी तिला वर्तना म्हणायचो.

दुसऱ्या लेण्यात मात्र ताई मला शिकवत होत्या. तिथं उजवीकडच्या छोट्या गाभाऱ्यात हारिती आणि तिचा नवरा पांचिक बसलेत. आसनाखालच्या पट्टीत छडी घेतलेला गुरुजी आहे. पुढची मुलं शिकतायत, मागची एडक्यांशी खेळतायत. हा वर्ग मला वर्षानुवर्षं आवडतो. पण हारितीची गोष्ट मी दोन ओळींत उरकत असे. ही आधी राक्षसीण, लोकांची लेकरं खाणारी. तिला स्वतःची शेकडो मुलं. बुद्धानं तिचं सगळ्यांत धाकटं मूल भिक्षापात्राखाली लपवलं. ती रडत फिरू लागली तेव्हा तो म्हणाला, इतक्यांतलं एक गेलं तर तुझी ही गत, मग ज्यांचं एकच होतं त्यांचं काय? त्या दिवसापासून ती लेकरांची राखण करते.

जपानमध्ये तिचं नाव किशिमोजिन. तोक्योत झोशिगाया भागात तिचं देऊळ आहे. बायका मुलासाठी, सुखरूप बाळंतपणासाठी तिथं जातात आणि तिचं फळ डाळिंब. तेव्हा सिल्लोडच्या खरेदीचा उलगडा झाला. लेण्यात काही वाहता येत नाही हे त्यांना माहीत होतं. पिशवीतच एक डाळिंब हातात धरून त्यांनी डोळे मिटले.

मला एकदम आमच्या घरातला जिवतीचा कागद आठवला. श्रावणात भिंतीवर लावतात तो. त्यात मांडीवर-खांद्यावर पोरं घेतलेली जिवती असते आणि ती जरा, जिनं जरासंधाचे दोन तुकडे सांधले. तीही राक्षसीणच. आई शुक्रवारी तिला आघाडा-दूर्वांची माळ घालून आमच्यावरून पुरणाचे दिवे ओवाळायची. ताईंना फोनवर कागदाचं चित्र दाखवलं. कितीतरी वेळ त्या ते मोठं करून बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "तिला इथं अजून काम आहे तर."

रात्री फर्दापूरला मुक्काम. जेवणात ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. ठेचा त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

रविवार, २६ जानेवारी : फर्दापूर, अजिंठा

पहाटे उठलो तर ताई गच्चीवर पूर्वेकडं तोंड करून बसलेल्या. आज कसला दिवस, हे मी सांगणार होतो. त्याआधी त्यांनीच सांगितलं.

२६ जानेवारी १९४९. पहाटे होर्यूजीच्या कोन्दोला आग लागली. भिंतींच्या नकला करायचं काम १९४० पासून तिथं चालू होतं. देशातले मोठे चित्रकार थंडीत, अपुऱ्या उजेडात भिंतीसमोर बसत. जतन करण्यासाठी चाललेल्या कामाच्या दिवसांतच मूळ चित्रं जळाली. रंग उडाले, रेषा करपून काळ्या पडल्या. वरच्या बाजूचे उडत्या गंधर्वांचे छोटे फलक आधी काढून ठेवले होते म्हणून तेवढे वाचले. दुसऱ्या वर्षी, १९५० मध्ये, जपाननं सांस्कृतिक वारसा जपायचा कायदा केला. १९५५ पासून २६ जानेवारीला सगळ्या देशात देवळांतून आग विझवायचा सराव होतो.

आणि नकला करणाऱ्या त्या चित्रकारांत एक होते आराई काम्पो. रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून ते १९१६ मध्ये कलकत्त्याला शिकवायला आले आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यात इथं, याच वाघूर नदीच्या काठी, अजिंठ्याच्या भिंतींसमोर बसून त्यांनी नकला केल्या. नोसू कोसेत्सु त्यांच्या सोबतीला होते. सारनाथच्या मूलगंधकुटी विहारातली भित्तिचित्रं पुढं या कोसेत्सुंनीच रंगवली. अजिंठ्याच्या त्या नकला तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत त्या जळाल्या. काम्पो पुन्हा ब्रश घेऊन होर्यूजीच्या भिंतीसमोर जाऊन बसले. १९४५ मध्ये ते गेले. आग त्यांना बघावी लागली नाही.

मी म्हटलं, "आमच्याकडच्याही जळाल्या." रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून पुढं वीसेक वर्षं इथं राहून तैलचित्रं केली. ती लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ ला जळाली. मग मुंबईच्या आर्ट स्कूलचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून बारा-तेरा वर्षं खपले. त्यातल्या शंभराहून जास्त नकला १८८५ च्या आगीत लंडनमध्येच गेल्या. आणि तरी १९०९ ला इंग्लंडहून हेरिंगहॅमबाई नकला करायला आल्या, नंदलाल बोस आले, पुढं निजामाच्या पुरातत्त्व खात्यात सय्यद अहमद यांनी आयुष्य घातलं.

ताई बोटांवर मोजत होत्या : गिल, ग्रिफिथ्स, काम्पो. तीन आगी.

खाली शाळेत लेझीम सुरू झाली होती. आम्ही झेंडावंदनाला गेलो. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांना खुर्ची दिली, पण ताई 'जन गण मन' संपेपर्यंत ताठ उभ्या होत्या आणि नंतरही बसल्या नाहीत. पहिली-दुसरीची पोरं भोवती जमली. "कुठून आल्या? विमानानं आल्या का?" गुरुजींनी एका पोरीला बाराखडी म्हणायला लावली. ती थांबल्यावर ताईंनी आपली म्हटली. आ इ उ ए ओ. का कि कु के को. मुलं गप्प झाली. मग एक मोठा मुलगा ओरडला, "अय, ही तर आपलीच की!" जपानी वर्णांचा हा क्रम संस्कृत वर्णमालेवरून बसवलेला. बौद्ध भिक्खूंनी सिद्धं, म्हणजे संस्कृत लिहायची जुनी लिपी, शिकताना तो लावला. पोरांना हे कोण सांगणार? त्यांना ते कानानंच कळलं. दोन्ही बाराखड्या दोन-तीनदा आलटून पालटून झाल्या. डाळिंबं तिथंच वाटली गेली.

दुपारी लेण्यांत रविवारची आणि सुट्टीची अशी दुहेरी गर्दी. पद्मपाणीपर्यंत पोचून उपयोग नव्हता. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपाशी थोडं बसलो. सुमारे सात मीटर लांब निजलेले बुद्ध, खाली शोक करणारे भिक्खू, वर आनंदानं आलेले देव. ताईंच्या गावी फेब्रुवारीत याच प्रसंगाचं चित्र देवळात टांगतात. त्यात प्राणीही रडत असतात.

परतताना सिल्लोडच्या अलीकडं ओळखीच्या शेतात हुरडा. आगटीभोवती बसून कणसं चोळली, शेंगदाण्याची चटणी, गूळ. शेतकऱ्याची आई ताईंच्या तळव्याला राख पुसून देत म्हणाली, "गरम हाय माय, फुकून खा."

सोमवार, २७ जानेवारी : वेरूळ

आज थकवा होता, म्हणून चौतीसपैकी मोजकीच लेणी. कैलास पाहिलं. त्याबद्दल मी लिहीत नाही. त्याला वेगळा दिवस आणि वेगळी लेखणी पाहिजे.

दहाव्या लेण्याला आपले लोक सुतार-झोपडी म्हणतात. छताला लाकडी वाशांसारख्या कमानदार फासळ्या, सगळ्या दगडाच्या. त्यांचा तिथं काडीचा उपयोग नाही. डोंगराला वाशांचा आधार लागत नाही. पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांत लाकडी चैत्य होता आणि तो सोडवेना. तसे लाकडी चैत्य इथं कधीच कुजून गेले. ताई त्या फासळ्यांखाली आडव्या झाल्या, पाठीवर, आणि मोजू लागल्या. उठल्यावर म्हणाल्या, आम्ही लाकूड लाकूडच ठेवलं आणि तेराशे वर्षं दुरुस्त करत राहिलो. तुम्ही त्याचा दगड केला. मला वाटतं हीसुद्धा नक्कलच, आणि केवढ्या छातीची.

सहाव्या लेण्यात महामायूरी भेटली. शेजारी मोर, खाली पोथी वाचत बसलेला विद्यार्थी. सापाच्या विषावरची ही देवता. जपानमध्ये ती मोरावर बसते आणि तिथं तिला कुजाकु म्योओ म्हणतात. माझा विद्यार्थी त्या पोथी वाचणाऱ्या पोराचा फोटो काढत होता. मी त्याच्याकडं बघत होतो. शाळेत तोही असाच मान खाली घालून बसायचा.

मंगळवार, २८ जानेवारी : पैठण आणि जालना

पैठणला मागाचा आवाज गल्लीतूनच ऐकू आला. पैठणीच्या पदरावर मोर, पोपट, अजिंठ्याचं कमळ. विणकर बाईंनी हातातलं काम न थांबवता दाखवलं : प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली. नक्षीपुरताच तो धागा उभ्या धाग्यांतून न्यायचा, शेजारच्या रंगात अडकवायचा आणि परतायचं. त्यामुळं मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ. क्योतोच्या निशिजिन पेठेत त्सुझुरे नावाचं याच जातीचं विणकाम होतं. तिथले विणकर बोटांच्या नखांना करवतीसारखे दाते पाडून घेतात आणि त्यांनी धागा ओढतात. ताईंनी हे सांगितल्यावर बाईंनी माग थांबवला, आपली नखं पाहिली आणि ताईंचा हात ओढून त्यांचीही पाहिली. "आमचं आपलं बोटानंच," त्या म्हणाल्या, "पण डोळ्याचं दुखणं तिकडंबी असंल की."

"आहे," ताई म्हणाल्या, तेही मराठीत. पाच दिवसांत तेवढं आलं होतं.

त्यांची रात्रीची गाडी जालन्याहून होती, म्हणून अंबडमार्गे माझ्या घरी चहाला नेलं. हिनं पोहे केले होते. पहिल्याच दिवशी बोलता बोलता मी त्या गुंडाळीचं बोलून गेलो होतो आणि ताई विसरल्या नव्हत्या. मुलानं माळ्यावरून ती काढून दिली. कागद पिवळा पडलेला, एक कोपरा कसरीनं खाल्लेला. मला उलगडायचा धीर होईना. त्यांनीच चटईवर उलगडला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि पिशवीतून भिंग काढलं.

वीसेक मिनिटं कुणी बोललं नाही. मग त्यांनी खांद्याजवळ बोट ठेवलं. तिथं मी गिलावा उडालेला तसाच दाखवला होता, पापुद्र्याच्या कडेसकट. कमळाजवळची भेगही होती. ते मी का केलं, मला आठवत नव्हतं. समोर होतं म्हणून केलं असावं.

जपानमध्ये नकलेचे दोन प्रकार, त्या सांगू लागल्या. एक, चित्र मुळात कसं असेल ते शोधून केलेली. दुसरी, आज जसं आहे तसं, डागांसकट, उडालेल्या रंगासकट. दुसरीला त्या जास्त मान देतात, कारण पुढं मूळ आणखी झिजलं किंवा जळालं तर अमुक दिवशी ते असं होतं याची तीच साक्ष. होर्यूजीच्या भिंती १९६७-६८ मध्ये पुन्हा रंगवल्या गेल्या त्या जुन्या छायाचित्रांवरून आणि अशा नकलांवरून. "सेन्सेई, तुम्ही हे दुसरं काम केलंय."

त्यांनी कागद अलगद उलटा केला. मागं कोरा.

"तारीख?"

ती मी लिहिलीच नव्हती. परीक्षेचा कागद, त्यावर नंबर लागतो, तारीख कशाला? महिना डिसेंबर होता हे नक्की, वार आठवेना. आतून ही म्हणाली, "अहो, तुम्ही लेण्यावर होता तेव्हाच तर आमच्याकडचे मला बघायला येऊन परत गेले होते. तुम्ही घरी नाही म्हणून मामांनी चिठ्ठी पाठवली होती. दत्तजयंतीच्या आधीचा आठवडा." तिनं देवघराच्या फडताळातून जुनी पत्रांची पिशवी आणली. चिठ्ठी सापडली. तिच्यावर मामांच्या अक्षरात दिवस लिहिलेला होता.

ताईंनी आपली पेन्सिल पुढं केली. वेळही लिहा म्हणाल्या, आणि उजेड कुठून येत होता तेही.

मी लिहिलं : लेणे क्र. १, मागची भिंत, डावी बाजू. डिसेंबर १९८८, दत्तजयंतीआधीचे पाच दिवस. सकाळी साडेनऊ ते अकरा. दरवाजा उघडा, बाहेरच्या फरशीवरून येणारा उजेड.